दुपारचे टाके

कातरीचं टोक तिने टाक्याखाली अलगद सरकवलं आणि दोरा कापला. टक् असा बारीक आवाज झाला. हात तिथेच थांबवून तिने पलंगाकडे पाहिलं. नवरा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. पाठ संथपणे वरखाली होत होती. तिने दुसरा टाका कापला, मग तिसरा, आणि सुटा झालेला दोरा चिमटीने ओढून काढला.

गोधडीवरचा पिवळा तुकडा त्याने सकाळी लावला होता. त्या एका तुकड्यात अख्खी सकाळ गेली होती. एक टाका बोटभर लांब, पुढचा मुंगीएवढा, त्यापुढचा कापड सोडून भलतीकडेच भरकटलेला. मध्ये कुठेतरी दोऱ्याचा गुंता झाला होता आणि त्या गुंत्यावरूनच शिवण पुढे रेटली होती. तिने तुकडा मांडीवर पसरला, तळहाताने सपाट केला आणि सुईत नवा दोरा ओवला.

खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगायचा, आणि फुगला की खोलीतला उजेड पाणी हलावं तसा हलायचा. खाली रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिचा हात चालू लागला तसं तोंडही चालू लागलं, अगदी हळू आवाजात.

"काय म्हणायचं अहो या शिवणीला? गणवेशावर असा टाका आला असता तर मी त्या मुलीला सरळ घरी पाठवलं असतं. तुम्हाला कुठे पाठवू? तुम्ही आधीच घरी आहात."

कपडे शिवायच्या कारखान्यात ती चेकर होती. शिवून झालेला प्रत्येक गणवेश तिच्या टेबलावरून पुढे जायचा. शिवण वाकडी दिसली की खडूची फुली, आणि माल परत. नव्या मुली तिच्या टेबलाकडे यायला घाबरत. पाठीमागे तिला 'फूटपट्टी' म्हणत. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

नवरा बस चालवायचा. शहरातून निघायचं, घाट चढायचा, डोंगरापलीकडच्या गावात उतारू सोडायचे आणि परत यायचं. उभा जन्म त्याच रस्त्यावर गेला. तो घरी यायचा तेव्हा ती कामावर असायची, आणि ती यायची तेव्हा त्याची निघायची वेळ झालेली असायची. स्वयंपाकघराच्या दारात दोघांची गाठ पडे, डबा या हातातून त्या हातात जाई, एवढाच काय तो संसार. पण भांडण म्हणाल तर कधी झालं नाही. भांडायलाही समोरासमोर बसावं लागतं.

मग हिवाळ्यात एका सकाळी तो बूट घालायला वाकला आणि उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं. पाय ओढत ओढत का होईना, चालू लागला. उजवा हात मात्र घरी आलेल्या परक्या पाहुण्यासारखा मांडीवर गप्प पडून राहायचा. तिने कामावरून लांबची रजा घेतली.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी येत असे. अंगाने किरकोळ, खांद्याला स्वतःच्या निम्म्या वजनाची पिशवी, बोलणं चुरचुरीत. तिनेच एक दिवस सांगितलं, "काका, आता बोटांना बारीक कामं द्या. बटणं लावा, दाणे निवडा, सुई धरून बघा."

"सुई?" नवरा म्हणाला. "अगं बाई, या हातांनी घाटात बस वळवलीय. त्यांना सुई देतेस होय?"

पण मुलगी गेल्यावर तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या इमारतीची गच्ची आणि तिच्यावरची पाण्याची टाकी. उन्हाळा नुकता लागला होता.

"आपल्याकडे कापडं आहेत का गं?" त्याने विचारलं. "रंगीत?"

तिने माळ्यावरून चिंध्यांचं गाठोडं काढलं. कारखान्यातून वर्षानुवर्षं आणलेले तुकडे होते. राखाडी, गडद निळे आणि पुन्हा राखाडी.

"हे आभाळ झालं," तो गाठोड्यात डावा हात घालून म्हणाला. "फुलं कुठे आहेत?"

"कसली फुलं?"

"घाटातली. आता आली असतील."

त्या दिवशी त्याने घरभर फिरून रंग गोळा केले. मोडक्या छत्रीचं पिवळं कापड. स्वतःचा विटलेला लाल शर्ट. लेकीचा लहानपणचा नारिंगी फ्रॉक, जो तिने जपून ठेवला होता आणि जो द्यायला तिचा जीव होईना. पांढरा उशीचा अभ्रा. तिने खडू आणि पट्टी आणून पुढे ठेवली.

"चौकोन आखून देते. म्हणजे जुळवायला सोपे."

"रानात कोण आखतं?" तो म्हणाला, आणि डाव्या हातातल्या कातरीने लाल शर्टाचा खांदा वेडावाकडा कापून टाकला. ती बघत राहिली. आपल्यावरच कोणी कातर चालवतंय असं तिला झालं.

"निदान छत्रीचं कापड नका घेऊ. सुईखाली सरकतं ते."

"सरकू दे. तीही सरकायचीच."

"कोण?"

"फुलं. बस पुढे गेली की मागे सरकायची."

*

अशी ती गोधडी सुरू झाली. दोघांच्या गुडघ्यांवर जेमतेम मावेल एवढी. राखाडी अस्तरावर तो एकेक तुकडा ठेवायचा, मान तिरकी करून बघायचा, उचलून दुसरीकडे ठेवायचा. जागा पसंत पडली की उजव्या हाताच्या बोटांत सुई बसवून द्यायचं काम तिचं. बोटं एकेक करून मिटावी लागत. मग तो जीभ दातांत धरून सुई कापडात खुपसायचा, आणि सुई पलीकडून बाहेर येईपर्यंत ती श्वास रोखून बसायची.

शिवता शिवता तो सांगायचा. उन्हाळा लागला की घाटातला उतार कसा एका रात्रीत बदलतो. आधी पांढरी येतात, इतकी बारीक आणि इतकी दाट की पहिल्या दिवशी वाटतं धुकं खाली बसलंय. मग पिवळी. मग वरच्या अंगाला लाल.

"नाव काय त्यांचं?"

"कोणाचं?"

"लाल फुलांचं."

"ब्रेकलाइट," तो म्हणाला. "मी त्यांना ब्रेकलाइट म्हणायचो. आणि ती नारिंगी, ती इंडिकेटर. एक दिसायचं, एक नाही, एक दिसायचं, एक नाही."

ती हसली. "म्हणजे एकाही फुलाचं खरं नाव माहीत नाही तुम्हाला. इतकी वर्षं गेलात त्या रस्त्याने."

"अगं, ड्रायव्हरला फुलं दिसत नाहीत, रंग दिसतात. पाकळ्या मोजत बसलो असतो तर बस दरीत."

दुपारी जेवण झालं की तो आडवा व्हायचा. पहिल्याच दुपारी, भांडी आवरून ती खोलीत आली तेव्हा गोधडी खुर्चीवर पडली होती आणि लाल तुकड्यावरची दोऱ्याची गाठ वर आली होती. तेवढी एक गाठ नीट करावी म्हणून ती बसली. गाठ सोडवली तर शेजारचा टाका सैल पडला. तो काढला तर त्याच्या पुढचा. संध्याकाळी तो उठला तेव्हा सगळा लाल तुकडा नव्याने लागलेला होता आणि ती स्वयंपाकघरात मान खाली घालून कांदा चिरत होती.

तिने एक काळजी घेतली होती. शिवण अगदी सरळ केली नव्हती. मध्येच एखादा टाका लांब ठेवायचा, एखादा तिरका. मुद्दाम वाकडा टाका घालणं किती अवघड असतं ते तिला त्या दुपारी कळलं. हात ऐकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गोधडी उजेडात धरली. बराच वेळ बोटाने शिवण चाचपली.

"बघ गं," तो म्हणाला. "काल वाटलं होतं तेवढं काही वाईट नाही झालं."

"नाहीच मुळी," ती म्हणाली.

त्याचा चेहरा असा उजळला की हिवाळ्यापासून तिने तो तसा पाहिला नव्हता. त्या चेहऱ्याने तिची पंचाईत केली. आता थांबायची सोय राहिली नाही. ती थांबली असती तर टाके पुन्हा वाकडे झाले असते, आणि हात मागे गेला असं त्याला वाटलं असतं. म्हणून रोज दुपारी, भांडी आवरली की, ती कातर घेऊन बसू लागली.

सुट्टीच्या दिवशी लेक भेटायला आली. तिने गोधडी हातात घेऊन लांब धरली, मग जवळ आणली.

"बाबा, हे फूल आहे की अपघात?"

"फूल आहे. अपघात कोपऱ्यात आहे, तो नारिंगी."

"माझा फ्रॉक!" मुलगी ओरडली आणि हसली. मग तिचं बोट एका शिवणीवरून फिरत गेलं आणि मध्येच थांबलं. तिने आईकडे पाहिलं. आईने कपबशा उचलल्या आणि आत गेली. मुलगी तिच्या मागोमाग आली.

"आई, तू माझ्या शाळेच्या वहीतली चित्रं पुसून नीट काढून द्यायचीस. आठवतंय?"

"तुझं घराचं छप्पर नेहमी कलतं असायचं."

"मला कलतंच हवं असायचं गं," मुलगी म्हणाली. पण रागाने नाही. टॉवेल घेऊन ती कप पुसायला लागली.

*

दिवस लांबत गेले. दुपारी खोलीत एक प्रकारची गुंगी भरून राहू लागली. पडदा, उजेड, नवऱ्याचा श्वास, कापडातून दोरा ओढला जातानाचा तो सर् सर् आवाज. ती बसायची आणि बोलायची. आधी नुसती टाक्यांना बोल लावायची. मग कारखान्यातल्या गोष्टी निघाल्या. एका मुलीने बाह्या उलट्या लावल्या होत्या आणि सगळा माल बाहेर गेल्यावर लक्षात आलं, ती गोष्ट. सुपरवायझरच्या टकलावर माशी बसायची आणि कोणी हसायचं नाही, ती गोष्ट. मग आणखी आतल्या. हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते ना अहो, तेव्हा मला एकच आठवत होतं, की तुमचा डबा टेबलावर भरून राहिलाय आणि आता तो कोण खाणार. बाकी काही डोक्यात येईचना. लोक म्हणत होते, धीराची बाई आहे. धीर कसला? डबा आठवत होता.

झोपलेल्या माणसाशी बोलणं सोपं होतं. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी एवढं बोलली नव्हती.

एकदा ती पांढरा तुकडा लावत होती. धुकं. दोरा दातांनी तोडून ती म्हणाली, "मी बघितलीच नाहीत हो तुमची फुलं. शेजारचे गेले, लेकीची मैत्रीण गेली, त्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराची आई गेली तुमच्या बसमधून, आणि सगळ्यांनी येऊन मला सांगितलं. तुम्ही कधी 'चल' म्हणाला नाहीत. मीही कधी 'येते' म्हटलं नाही. सुट्टी काढायची तर पगार कापतात, वगैरे. ते सगळं खरंच होतं म्हणा. पण म्हणायला काय हरकत होती? दोघांपैकी एकाने तरी."

पलंगावर नवऱ्याने कूस बदलली. ती गप्प झाली. पुन्हा पाठ संथ वरखाली होऊ लागली तशी तिने पुढचा टाका घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तुकडे जुळवता जुळवता म्हणाला, "समज, तू माझ्या मागच्या सीटवर बसलीयस. खिडकीशी."

"मी?"

"समज म्हटलं. मंदिरासारखा तो सुळका मागे टाकला की डावीकडे बघायचं. मी सांगेन तेव्हा. आधी नाही बघायचं, नाहीतर मजा जाते."

आणि त्या दिवसापासून तो सगळं तसंच सांगू लागला. तू खिडकीची काच सरकवलीस. वारा आत आला, तुझे केस तोंडावर आले. आता डावीकडे. दिसलं? ती सुई हातात धरून भिंतीकडे बघायची, आणि भिंतीवर तिला खरंच काहीतरी सरकताना दिसायचं. पिवळं, पांढरं, पुन्हा पिवळं. दुपारी शिवताना डोळा लागला की ती उतारावर असायची. तिथे बस नव्हती, रस्ता नव्हता. गुडघ्याएवढ्या गवतातून ती चालायची आणि पायांशी फुलं इतकी जवळ असायची की एकेक देठ वेगळा दिसायचा. वारा आला की सगळा उतार एकदम एका अंगावर व्हायचा, झोपेतल्या माणसासारखा. मग सुई बोटाला टोचायची आणि ती जागी व्हायची, आणि क्षणभर तिला कळायचं नाही की मांडीवरची फुलं कुठल्या बाजूची आहेत.

*

गोधडी भरत आली. आता एका कडेला हातभर जागा तेवढी राहिली होती. तिथे नुसतं राखाडी अस्तर दिसत होतं. व्यायामाची मुलगी आली की नवरा आधी गोधडी पुढे करायचा.

"बघ, कालचा टाका बघ."

"वा काका!" मुलगी म्हणायची. "आता मीच तुम्हाला कामाला लावते. माझ्या पडद्यांना किनार घालून द्या."

तो हसायचा, आणि दाराशी उभी असलेली ती चुलीवर काही करपत असल्यासारखी आत वळायची.

त्या दिवशी व्यायाम संपवून पिशवी भरता भरता मुलगी म्हणाली, "काका, आता मी रोज यायची गरज आहे का ते बघायला हवं. आठवड्यातून दोनदाही चालेल बहुतेक."

"तू म्हणशील तसं," नवरा म्हणाला.

तिने हातातला पेला तिथेच खाली ठेवला. मुलगी दाराबाहेर पडली, जिना उतरू लागली, तशी ती पायांत चपलाही न घालता मागून गेली. खालच्या मजल्याच्या खिडकीशी तिने मुलीला गाठलं.

"थांब जरा. मला सांगायचंय काहीतरी. ते टाके त्यांचे नाहीत."

मुलगी वळली.

"माझे आहेत. दुपारी ते झोपले की मी उसवते आणि पुन्हा घालते. सुरुवातीपासून. तू ते बघून यायचं कमी करू नकोस. हात सुधारलाय असं त्यांना वाटतंय, तुलाही वाटतंय, पण तसं काही नाही. ही सगळी माझी करणी आहे. रागव हवं तर, पण येणं थांबवू नकोस."

एका दमात बोलल्याने तिला धाप लागली. मुलीने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"काकू, मी गोधडी बघून काहीच ठरवत नाही. माझ्याकडे चिमटे आहेत, बटणं आहेत, रबराचा चेंडू आहे. हात खरंच सुधारतोय. सावकाश, पण सुधारतोय. कप धरेल, सुई नीट धरेल. स्टिअरिंग नाही धरणार. ते मी काकांना केव्हाच सांगितलंय."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, रस्ता पाठ आहे, बस नसली तरी चालेल."

ती जिन्याचा कठडा धरून उभी राहिली. खालून कोणाच्या तरी घरातला रेडिओ ऐकू येत होता.

"आणि टाक्यांचं," मुलगी म्हणाली आणि अडखळली. "मी सांगायला नको खरं तर. काकांनी पहिल्याच आठवड्यात मला बजावलंय, गोधडीवर जाऊ नकोस, ती माझी बायको दुपारी दुरुस्त करते. आणि मला माहीत आहे हे तिला कळू देऊ नकोस."

"त्यांना कसं कळलं? ते तर झोपलेले असतात."

 मुलीने फक्त ओठ घट्ट मिटून घेतले, हसू येऊ नये म्हणून माणूस मिटतो तसे.

"रोज?" तिने विचारलं.

"ते मला काय माहीत काकू. एवढंच म्हणाले की इतक्या वर्षांत ती दुपारची अशी कधी बसली नव्हती. बसते आणि बोलते. तिला बोलू दे." मुलगी दोन पायऱ्या उतरली आणि पुन्हा वळली. "पण मी खरंच आठवड्यातून दोनदाच येईन हं. चांगलं लक्षण आहे ते."

मुलगी गेली. ती तिथेच पायरीवर बसली. एकेक दुपार तिला आठवू लागली. सुपरवायझरचं टक्कल. डबा. लेकीच्या लग्नात त्याच्या बहिणीने नेसलेल्या साडीवरून आपण काय बोललो ते. 'पाठ कशी म्हाताऱ्या बैलासारखी झालीय' असंही एकदा म्हटलं होतं, आणि त्यानंतर उगीचच त्या पाठीवरून पांघरूण सारखं केलं होतं. तिने पदराने तोंड झाकलं. कान तापले होते. "सगळं ऐकलं की हो," ती स्वतःशीच म्हणाली, आणि मग तिला हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तेही तिने पुसलं नाही. कोणीतरी जिना चढून येत होतं. तशी ती उठली, येणाऱ्याला वाट दिली आणि वर गेली.

*

जेवणं झाली. तिने भांडी नुसती पाण्यात घालून ठेवली. खोलीत आली तेव्हा तो उशी ठाकठीक करत होता.

"पडतो जरा," तो म्हणाला.

"आज नका पडू."

"का गं?"

"एकटीला कंटाळा येतो."

त्याचा हात उशीवर थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. ती पदराला हात पुसत उभी होती. हात केव्हाचे कोरडे झाले होते. तो पलंगावर थोडा सरकला आणि शेजारची जागा डाव्या हाताने झाडल्यासारखी केली.

ती बसली. दोघांच्या गुडघ्यांवर गोधडी पसरली. सकाळी त्याने लावलेला तुकडा तिच्या बाजूला आला होता; एक टाका बोटभर, एक मुंगीएवढा. तिने तो तळहाताने सपाट केला आणि हात पुढे नेला, त्या मोकळ्या राहिलेल्या राखाडी जागेवर.

"हे राहिलं. इथे काय होतं?"

"काही नाही."

"काही नाही कसं?"

"अगं, तिथे मोठं वळण होतं. समोरून काय येतंय त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागायचं. हॉर्न द्यायचा, गिअर टाकायचा, एवढंच." त्याने डाव्या हाताचं बोट अस्तरावरून फिरवलं. "तिथे मी कधी बाजूला बघितलंच नाही. काय असेल कोण जाणे."

पडदा फुगला. उजेड भिंतीवरून सरकत त्यांच्या पायांपर्यंत आला आणि मागे गेला. तिने चिंध्यांच्या गाठोड्यात हात घातला आणि तळाशी दडलेला एक तुकडा ओढून काढला. तिच्या स्वतःच्या जुन्या ब्लाउजचं कापड होतं, पिकल्या जांभळासारखं. खडू शेजारीच पडला होता. तिने कातर घेतली आणि कापडात घातली, आणि कातर नेईल तसा हात जाऊ दिला. तुकडा निघाला तो ना गोल, ना चौकोनी.

"जांभळी होती," ती म्हणाली.

"तू कधी बघितलीस?"

"दुपारी."

तो तिच्याकडे बघत राहिला.

"गवताच्या खाली असतात," ती म्हणाली. तुकडा तिने राखाडी जागेवर ठेवला, उचलला, आणि जरा कलता करून पुन्हा ठेवला. "अगदी बुटकी. उभ्याने दिसायची नाहीत. खाली बसावं लागतं, हाताने गवत बाजूला करावं लागतं. मग एक दिसतं. एक दिसलं की मग सगळीकडे तीच."

सुई तिने कापडात घातली. छत्रीचं कापड शेजारी होतं, त्यावरून जांभळा तुकडा सरकू लागला. तो सरकू नये म्हणून त्याने हात पुढे केला. आधी डावा उचलला होता, तो खाली ठेवला. मग उजवा, सावकाश, एकेक बोट उघडत, कापडाच्या कडेवर आणून टेकवला.

"सांग," तो म्हणाला.